तोंडावर बोट, दोन मिनिटं

बाईंकडे पासपोर्ट नव्हता. काढायला कधी कारणच पडलं नाही, असं त्या सांगायच्या. नोकरी कळव्याच्या शाळेत, घर डोंबिवलीत, आणि मधल्या तीन स्टेशनांत आयुष्याची तीस-पस्तीस वर्षं गेलेली. भाचीच्या लग्नाला एकदा बडोद्याला जाऊन आल्या होत्या, तोच त्यांचा लांबचा प्रवास. अशा बाई निवृत्तीनंतर आमच्या क्लासात मस्कत, दोहा, नैरोबी आणि लेस्टरच्या पोरांना इंग्रजी साहित्य शिकवत होत्या. त्या पोरांची समजूत मात्र अशी, की आपल्या मॅम अर्धं जग हिंडून आलेल्या आहेत.

आमचा क्लास डोंबिवली पूर्वेला, एका फरसाणवाल्याच्या डोक्यावर. आत प्लायवूडचे सहा कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक कॉम्प्युटर आणि एक शिक्षक. संध्याकाळी खाली शेव तळायला घेतली की वास जिन्यानं वर यायचा आणि आम्ही सहा जण आवंढे गिळत परदेशाला शिकवायचो. तिकडच्या इंग्रजी शाळांतली मुलं सोळाव्या वर्षी इंग्लंडमधल्या मंडळाची परीक्षा देतात, आपल्याकडे दहावी असते तशी. त्यात इंग्रजी साहित्य हा वेगळा विषय असतो. एक नाटक, एक कादंबरी, पंधरा कविता, आणि शिवाय परीक्षेच्या दिवशीच पहिल्यांदा समोर येणारी एक अनोळखी कविता. नाटक-कादंबरी पोरं कशीही रेटून नेतात. त्या अनोळखी कवितेला मात्र सगळ्यांची टरकते. बाईंची नेमणूक खास तिच्यासाठी होती.

मी तिथे व्याकरण आणि निबंधलेखन शिकवायचो, वर वेळापत्रक सांभाळायचो. बाई मला ‘व्याकरणवाला’ म्हणायच्या. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी कधी तपासलं नाही.

नव्या मुलाच्या पहिल्या तासाला बाई पुस्तक उघडायच्याच नाहीत. “तुझ्या खिडकीतून काय दिसतं?” एवढंच विचारायच्या. हे सगळं इंग्रजीत चालायचं, पण त्यांच्या इंग्रजीत दर दोन वाक्यांनी एक ‘अगं’, ‘अरे’ किंवा ‘बरं’ ठरलेलं. दोह्याच्या एका मुलानं सांगितलं, काहीच दिसत नाही. बाई म्हणाल्या, “अरे, काहीच न दिसणारी खिडकी बांधली कोणी? नीट बघ.” मुलगा उठून गेला आणि परत येऊन म्हणाला की समोर एसीचा डबा आहे, त्यावर कबुतर आहे, आणि दोरीवर एक मोजा आहे. “एकच?” “एकच.” “मग दुसऱ्याचं काय झालं असेल?” पुढची चाळीस मिनिटं तो मुलगा त्या मोज्याबद्दल बोलत होता. पालक हे ऐकत असले तर काय, या विचारानं मला शेजारच्या कप्प्यात घाम फुटला होता.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. बाकीचे शिक्षक कॅमेऱ्यासमोर भांग पाडून बसायचे. बाई कॅमेरा खाली वळवायच्या. पडद्यावर फक्त पुस्तक, पेन्सिल आणि त्यांचा उजवा हात. कवितेच्या तासाला माझं तोंड बघून काय करायचंय, असा त्यांचा सवाल. एका पालकानं तक्रार केली तेव्हा आमच्या डायरेक्टर सरांनी बाईंना चेहरा दाखवायची विनंती केली. डायरेक्टर सर म्हणजे क्लासचे मालक, वय चाळीसच्या आसपास, व्यवस्थापनाची पदवी घेतलेले. बाईंनी दुसऱ्या दिवशी कॅमेरा वर केला आणि इतक्या जवळ बसल्या, की मुलांना तासभर चष्म्याची एक काच आणि अर्धी भुवई दिसली. तिसऱ्या दिवशी सरांनी स्वतःच सांगितलं, मॅडम, हातच बरा.

पण बाईंची खरी ओळख म्हणजे ‘ओळ दाखव’. मुलानं उत्तरात लिहिलं, की कवी इथे दुःखी आहे, तर समासात बाईंची पेन्सिल: ओळ दाखव. कवितेत आईवरचं प्रेम आहे? ओळ दाखव. कवितेत जे लिहिलेलं नाही ते तिच्या तोंडी घालायचं नाही, हा त्यांचा कायदा. हा कायदा बाई कवितेपुरता ठेवत नसत, हीच पंचाईत. सर मीटिंगमध्ये म्हणाले, “मार्केटमध्ये आपलं खूप नाव आहे,” तर बाई शांतपणे, “कुठे ते दाखवा.” रिक्षावाला म्हणाला, भाडं वाढलंय, तर त्याच्याकडे नवा तक्ता मागायच्या आणि तो मिळेपर्यंत उतरायच्या नाहीत. मीसुद्धा एकदा अडकलो. आदल्या दिवशी बरं नव्हतं म्हणून आलो नाही, असं सांगितलं, तर माझ्याकडे नखशिखांत बघून म्हणाल्या, “अंगावर कुठे दिसत नाही रे.” मी क्रिकेट खेळायला खडवलीला गेलेलो. कबूल केलं आणि मोकळा झालो.

उत्तरपत्रिका त्या छापून घ्यायच्या आणि पेन्सिलीनं तपासायच्या. मी त्या पानांचे फोटो काढून मुलांना पाठवायचो. त्यामुळे बाईंचे शेरे मला पाठ होते. ‘इथे तू झोपलीस.’ ‘हे तुझं नाही, गाईडचं आहे, त्याला परत कर.’ कवितेला नुसतं सुंदर म्हणणाऱ्यांसाठी खास शेरा होता, ‘हा शब्द लग्नाच्या आहेरासाठी ठेव.’ लेस्टरच्या मुलानं आहेर म्हणजे काय, असं विचारल्यावर बाईंनी पंधरा मिनिटं आहेर शिकवला.

आता त्या दोन मिनिटांबद्दल.

अनोळखी कविता एकदा वाचून झाली, की बाई म्हणायच्या, “हाताची घडी, तोंडावर बोट.” हे मराठीतच. मराठी शाळेत गेलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. बालवाडीपासून आपण सगळे असे बसलेलो आहोत. पण नैरोबीच्या मुलाला ते पहिल्यांदाच कळत होतं. त्या दिवशी बाईंनी कॅमेरा वर केला आणि स्वतः बसून दाखवलं. मग पडद्यावरच्या आठ चौकोनांत आठ मुलं घडी घालून, ओठांवर बोट ठेवून बसली. नैरोबीवाल्यानं अंगठा ठेवला होता, तो बदलून घेतला. दोन मिनिटं. पेन उचलायचं नाही, विचारायचं नाही, कुणाकडे बघायचं नाही. दोन मिनिटांनी बाई म्हणायच्या, “आता बोला.” आणि पोरं खरोखर बोलायची, ते मला शेजारी ऐकू यायचं.

मला हे अघोरी वाटायचं. एकदा मी विचारलंच, की बाई, तोंड बंद करून साहित्य कसं शिकवता. तेव्हा त्यांनी कळव्याची हकिगत सांगितली.

वर्गात साठ पोरं. निम्मी चाळींतली, निम्मी खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. “गप्प करायला दुसरं काही येत नव्हतं मला,” बाई म्हणाल्या. “आवाज लहान होता. तास संपेपर्यंत तोंडावर बोट ठेवून बसवायचे. शिकवणं कमी आणि राखण जास्त.” एक दिवस घसा बसलेला. कविता कशीबशी वाचली, पोरांना घडी-बोट सांगितलं आणि खिडकीशी जाऊन गरम पाणी पीत उभ्या राहिल्या. परत येऊन बघतात तर मागच्या बाकावरच्या कोळ्यांच्या मुलीनं हात वर केलेला.

“बाई, यो मानूस दर्यावर कवा गेलाच नसंल.”

“कोण माणूस?”

“कविता लिवनारा. वोटीला होरी किनाऱ्याला आनतंय. चिखलान रुतंल ना ती.”

बाईंनी पुस्तक बघितलं. तिसऱ्या कडव्यात खरंच ओहोटी होती आणि होडी काठाला लागत होती. “नऊ वर्षं मी ती कविता शिकवत होते. मला दिसलं नाही. गाईड लिहिणाऱ्याला दिसलं नाही. त्या मुलीला दिसलं, कारण दोन मिनिटं मी बोलत नव्हते.” त्या दिवसापासून तासभराचं तोंडावर बोट दोन मिनिटांवर आलं, आणि ‘ओळ दाखव’ सुरू झालं. “सुरुवात वाईटच होती रे त्याची,” असंही बाई म्हणाल्या. “ते लपवण्यात अर्थ नाही.”

पोरांना बाईंनी आणखी एक लावून दिलं होतं. परीक्षेत अनोळखी कविता शेवटी छापलेली असते, पण ती आधी वाचायची. आधी परका पाहुणा, मग घरची माणसं. आणि तिथेच घात झाला.

त्या वर्षी मस्कतमध्ये आमची तीन मुलं एकाच केंद्रावर परीक्षेला बसली. त्यातली एक ईशा. आईवडील मूळचे डोंबिवलीचेच, वडील तिकडे इंजिनिअर. मुलगी हुशार, जरा हट्टी. तिला तिथल्या एका मोठ्या शाळेत पुढच्या दोन वर्षांसाठी जागा मिळाली होती, पूर्ण शिष्यवृत्तीसकट, पण या परीक्षेचा निकाल चांगला आणि निष्कलंक असला तरच. वडिलांची नोकरी डळमळीत झालेली, त्यामुळे शिष्यवृत्ती गेली तर शाळाही गेली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनाही ठाऊक होतं.

पेपर हातात आला. तिघांनी शेवटचं पान उघडलं, कविता वाचली, पेन खाली ठेवलं, हाताची घडी घातली आणि ओठांवर बोट ठेवलं. हॉलच्या तीन कोपऱ्यांत तीन मुलं, एकाच वेळी, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. दोन मिनिटांनी तिघांनी एकदमच लिहायला घेतलं. पर्यवेक्षकांनी अहवाल दिला, की या तीन उमेदवारांनी एकमेकांना खुणा केल्या. त्यांच्या जागी मी असतो तरी हेच लिहिलं असतं.

जूनमध्ये मंडळाचं पत्र आलं. तिघांचे निकाल राखून ठेवले आहेत, दहा दिवसांत खुलासा द्यावा. शिकवणाऱ्यांनी लेखी निवेदन द्यावं, आणि उमेदवारांना स्वतःचं म्हणणं मांडायचं असल्यास तेही पाठवावं.

डायरेक्टर सरांनी केबिनचं दार लावलं. आत बाई, सर आणि मी.

“सिंपल आहे मॅडम,” सर म्हणाले. “आपण बोलायचं, ही एन्शंट इंडियन प्रॅक्टिस आहे. मौन-मुद्रा. रीडिंगच्या आधी माइंड शांत करायला. फॉरेनरला योगा बोललं की विषय एंड. रिलिजन, कल्चर याला ते लोक हात नाही लावत.”

“मौन-मुद्रा कुठे लिहिलीय?” बाईंनी विचारलं.

“शोधायला कोण बसलंय मॅडम?”

“खरं काय ते लिहू या. आमच्याकडे शाळेत मुलांना गप्प बसवायला हे करतात. मी ते कविता वाचल्यावर दोन मिनिटं करून घेते. त्यात चोरी नाही.”

“म्हणजे आम्ही पोरांची तोंडं बंद करतो, असं लिहून द्यायचं? मॅडम, कॉपी राहिली बाजूला, ते चाइल्ड अब्यूजची केस करतील. क्लास बंद होईल आपला. आणि ईशाचं काय?”

बाई उठून तासाला गेल्या. मला सरांचं पटलं होतं, हे इथे कबूल करतो. नुसतं पटलं नव्हतं, त्या दुपारी बसून पत्र मीच लिहिलं. व्याकरणवाल्यानं जीव ओतला. हजारो वर्षांची परंपरा, गुरूकडून शिष्याकडे आलेली, ओठांवरची तर्जनी म्हणजे अंतर्मुख होण्याची खूण, असं बरंच काही. वाचून मलाच ते खरं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी ईशाच्या वडिलांचा बाईंना फोन आला. बाईंनी स्पीकर लावला, कारण त्यांना फोन कानाला धरवत नसे.

“बाई, नमस्कार. आमची आईपण शिक्षिका होती, त्यामुळे तुमची तगमग कळते मला. पण सही करा, प्लीज. त्यात खोटं असं काय आहे? मौन आपल्याकडे आहेच की.”

“मौन माणूस स्वतः धरतो,” बाई म्हणाल्या. “हे मी धरायला लावते.”

“अहो, हे तिकडच्या माणसाला कसं समजणार? मुस्कटदाबी म्हणतील. पोरीचं वर्ष जाईल, बाई. तिच्या वतीनं दोन ओळी मी लिहून देतोय, तुमच्या पत्राला जुळतील अशा.”

“ईशा काय म्हणते?”

“तिला नाही गुंतवलं यात. आधीच रडून रडून आजारी पडलीय.”

मुदतीच्या आदल्या दिवशी बाई पत्र घेऊन त्यांच्या कप्प्यात बसल्या. पेन्सिल काढली. ‘हजारो वर्षं’ याच्याखाली रेघ मारली, ‘गुरूकडून शिष्याकडे’ याच्याखाली मारली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, “बाई, असू दे ना. उद्या शेवटची तारीख आहे.” त्यांनी आणखी एकदा पहिल्यापासून वाचलं. मग रेघा खोडरबरानं पुसल्या, माझं पेन मागितलं आणि सही केली.

पत्र जबरदस्त लागू पडलं. पंधरा दिवसांत उत्तर आलं. मंडळ दिलगीर आहे, तिघांचे निकाल मोकळे केले जातील, आणि पर्यवेक्षकांना उमेदवारांच्या धार्मिक व सांस्कृतिक प्रथांबद्दल अधिक जाणकार केलं जाईल. सरांनी पेढे वाटले. मीही दोन खाल्ले. ऑगस्टमध्ये निकाल लागला, ईशाला वरची श्रेणी मिळाली आणि शिष्यवृत्ती पक्की झाली. तिघांपैकी कुणाचंही उत्तर दुसऱ्याशी जुळत नव्हतं, असंही मंडळानं नंतर कळवलं. त्या एका कवितेत तिघांना तीन वेगळ्या गोष्टी दिसल्या होत्या. बाईंच्या शिकवण्याची याहून मोठी पावती नव्हती, पण त्या कागदाकडे त्यांनी धड बघितलंही नाही.

सरांचं डोकं मात्र चालायला लागलं होतं. मंडळाचं उत्तर आल्यावर आठवड्याभरातच क्लासची नवी जाहिरात आली होती. ‘मौन-मुद्रा: प्राचीन भारतीय वाचनपद्धती’. खाली बाईंचा फोटो, निवृत्तीच्या समारंभातला, शाल-श्रीफळासकट. नवी मुलं धडाधड यायला लागली. ती पहिल्या तासापासून डोळे मिटून, पाठ ताठ करून बसायची. बाई ओरडायच्या, “अरे, डोळे उघड. मिटल्या डोळ्यांनी काय वाचणार आहेस?” दुबईच्या एका आईनं विचारलं, हे पूर्वेला तोंड करून करायचं का. बाई म्हणाल्या, पुस्तकाकडे. एक मुलगा दोन मिनिटं झाल्यावर ‘ओम’ म्हणाला. त्या दिवशी बाईंनी तास दहा मिनिटं आधी संपवला.

पण ‘ओळ दाखव’ म्हणणं त्यांनी सोडलं होतं. हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस लागले. समासात नुसत्या बरोबर-चुकीच्या खुणा यायला लागल्या होत्या.

ऑगस्टच्या अखेरीला ईशा आजीकडे डोंबिवलीत आली आणि खजुराचा डबा घेऊन थेट क्लासात. बाईंना ती ओळखता आली नाही, कारण त्यांनी तिला कधी उभी पाहिलीच नव्हती. “एवढी उंच आहेस होय गं,” म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. तिला बसायला माझ्या कप्प्यातली खुर्ची दिली, म्हणून मी तिथेच उभा राहिलो.

“मॅम, मी रोज करते ते अजून,” ईशा म्हणाली. तिचं मराठी तिकडच्या घरातलं, थोडं अडखळत चालणारं. “नवीन स्कूलमध्ये माझ्या फ्रेंड्सना पण शिकवणार आहे. मी त्यांना सांगितलं, इट्स थाउजंड्स ऑफ इयर्स ओल्ड. सगळे एकदम इम्प्रेस झाले.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“तुम्हीच ना. लेटरमध्ये. बाबांनी दाखवलं मला नंतर.”

बाईंनी डबा बाजूला ठेवला. “ईशा, ते खोटं आहे. हजारो वर्षं वगैरे काही नाही. आमच्या शाळांत दंगा करणाऱ्या पोरांना गप्प करायला हे करतात. मीही त्यासाठीच करायचे. मग मला त्याचा वेगळा उपयोग सापडला, एवढंच.”

“म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत?”

“सही केली.”

“लिहिलं मी,” मी म्हटलं. माझ्याकडे दोघींनी लक्ष दिलं नाही.

“पण का?”

“तुझी जागा गेली असती.”

“मला विचारलं का नाही?” तिचा आवाज चढला नव्हता, ती खरंच विचारत होती. “मी सांगितलं असतं ना. मॅम आम्हाला पोएम वाचल्यावर असं बसवतात आणि मला ते आवडतं. दॅट्स इट. त्यात लपवण्यासारखं काय होतं? मी लिहिणार होते. बाबा म्हणाले, नको, मोठी माणसं बघतायत.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “बरं. मग आता विचारते. मंडळाला खरं कळवू का? पत्र मी लिहीन, चूक माझी म्हणून लिहीन. पण तुझं प्रकरण ते पुन्हा उघडतील, तुझ्या शाळेलाही कळेल कदाचित. तू म्हणशील तसं करते.”

बाईंना कुणा विद्यार्थ्याची परवानगी मागताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ईशानं माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. “लगेच सांगायचं?”

“नाही. हवा तेवढा वेळ घे.”

तिनं वेळ घेतला. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. डोळे भरून आले होते.

“नको, मॅम,” ती म्हणाली. “आता अ‍ॅडमिशन झालीय ना. प्लीज.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “नाही लिहिणार. रडू नकोस, मी विचारलं आणि तू सांगितलंस.” त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, खजूर फोडून तिच्या हातावर ठेवला, एक मला दिला. ती जाईपर्यंत तिच्या आजीची चौकशी करत राहिल्या.

ती गेल्यावर मला हायसं वाटलं. मी म्हटलं, “बघा बाई, तिनंही तेच केलं जे आपण केलं. उगाच मनाला लावून घेत होता.”

“तिला जूनमध्ये विचारायला हवं होतं,” बाई म्हणाल्या. “तेव्हा ती खरं सांगणार होती. आता नाही सांगणार. दोन महिन्यांत आपण तिला आपल्यासारखं करून सोडलं.”

मला राग आला त्यांचा. रात्री जेवताना कळलं, की तो राग त्यांच्यावरचा नव्हता. बाईंनी हातातली बॅच दिवाळीपर्यंत पुरी केली, कुणाला निरोपसमारंभ करू दिला नाही, आणि यायच्या थांबल्या.

त्यांचा वर्ग आता मी घेतो. जाहिरात तीच आहे, फोटो तेवढा माझा आहे. प्रवेश घेताना आया हटकून विचारतात, ती मौन-मुद्रा तुम्हीपण शिकवता ना, ती खरंच एवढी जुनी आहे ना. मी हो म्हणतो.